रविवारी न धावलेला धावपटू



पावसाळा संपून शेताबांधांवरचा चिखल सुकला की आपल्याकडची मैदाने जागी होतात. क्रिकेट, फुटबॉल, व्हॉलीबॉल यांचे सामने लागतात आणि ते बहुधा रविवारीच असतात, कारण सर्वांच्या सुट्टीचा दिवस तोच. मग सकाळच्या मिस्सेला वेदीसेवकांची रांग तोकडी दिसते आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातले मागचे बाक रिकामे राहतात. धर्मग्रामाने अशा सामन्यांना सरळ बंदी घालावी, असे काही पालक सुचवतात. मुले मोबाइल बाजूला ठेवून मैदानावर जातात हेच पुष्कळ झाले, असे दुसऱ्या काहींना वाटते. आम्हांला दोघांचेही म्हणणे समजते. परंतु त्यावर फर्मान काढण्याऐवजी या अंकात एका खेळाडूचे चरित्र सांगावे, असे आम्ही ठरवले आहे.

हा खेळाडू कॅथलिक नव्हता. स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट परंपरेत तो वाढला आणि चीनमध्ये मिशनरी म्हणून वारला. त्याचे नाव एरिक लिडेल. त्याच्यावरचा ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा इंग्रजी चित्रपट १९८१ साली आला व पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना अर्धी कथा ठाऊक असेल. उरलेली अर्धी चित्रपटात नाही, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची आहे.

एरिकचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएनत्सिन या शहरी झाला. त्याचे वडील जेम्स लिडेल हे लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. एरिक सहा वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला व त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट याला लंडनजवळच्या, मिशनऱ्यांच्या मुलांसाठी चालवलेल्या निवासी शाळेत ठेवले आणि ते चीनला परतले. ही शाळा पुढे एल्थम कॉलेज या नावाने ओळखली जाऊ लागली. आईवडिलांची भेट कित्येक वर्षांनी कधीतरी होत असे. घरापासून इतक्या दूर वाढणाऱ्या मुलाला आधार लागतो, तो एरिकला मैदानावर मिळाला असावा. तो शाळेच्या क्रिकेट व रग्बी संघांचा कप्तान झाला.

१९२० साली तो एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकण्यास गेला. येथून त्याच्या खेळाला खरे वळण लागले. टॉम मॅककर्चर नावाचे प्रशिक्षक त्याला लाभले. त्या काळी खेळाडूने पैसे घेऊन धावणे कमीपणाचे मानले जाई आणि पुष्कळ हौशी खेळाडूंना सरावाचीही लाज वाटे. अंगात असेल तेवढे मैदानावर दाखवावे, अशी समजूत होती. मॅककर्चर यांनी एरिकला शर्यतीपूर्वी अंग कसे गरम करावे, शर्यतीनंतर एकदम न थांबता वेग कसा उतरवावा, स्नायूंना मालीश का लागते, बंदुकीच्या आवाजाबरोबर कसे निघावे हे सारे शिकवले. त्या वेळी आजच्यासारखे पाय टेकवण्याचे ठोकळे नव्हते. धावपटू लहान खुरपे घेऊन मैदानावर येत आणि पाय रोवण्यासाठी धावपट्टीत स्वतःच खड्डे खणत. एक गोष्ट मात्र मॅककर्चर यांना बदलता आली नाही. लिडेल यांची धावण्याची ढब फार बेढब होती. शर्यत रंगात आली की त्यांचे डोके मागे जाई, तोंड आभाळाकडे उघडे राही आणि हात गिरणीच्या पात्यांप्रमाणे हवेत फिरत. क्रीडाशास्त्राचे पुस्तक उघडून पाहिले तर असे धावू नये, हे सांगण्यासाठी त्यांचे छायाचित्र छापावे लागेल. शर्यत सुरू होण्यापूर्वी शेजारच्या प्रत्येक धावपटूशी हस्तांदोलन करण्याची त्यांची सवयही सर्वांच्या लक्षात राहिली.

१९२२ आणि १९२३ या वर्षांत ते स्कॉटलंडच्या रग्बी संघातून सात आंतरराष्ट्रीय सामने खेळले. मग रग्बी सोडून त्यांनी सारे लक्ष धावण्याकडे वळवले. जुलै १९२३ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेत १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. हा ब्रिटिश विक्रम पुढे कित्येक वर्षे अबाधित राहिला. त्याच महिन्यात स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत आरंभीच धक्का लागून ते धावपट्टीबाहेर पडले. उठेपर्यंत बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे गेले होते. ते उठले, धावले आणि जिंकले. शेवटची रेषा ओलांडल्यावर मात्र ते कोसळले व त्यांना उचलून न्यावे लागले.

याच वर्षी एप्रिलमध्ये आर्माडेल या खाणकामगारांच्या गावी ते पहिल्यांदा जाहीर सभेत आपल्या श्रद्धेविषयी बोलले. स्वभावाने लाजाळू असलेल्या या तरुणाला विद्यार्थ्यांच्या एका सुवार्ता मंडळाने बोलावले होते, कारण रग्बीपटूचे नाव ऐकून तरी कामगार येतील अशी त्यांना आशा होती. लिडेल मोठे वक्ते नव्हते. साधे, हळू आवाजात बोलत. त्यानंतर त्यांच्या अशा सभा वाढत गेल्या.

आता १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिककडे येऊ. १०० मीटर शर्यतीत सुवर्णपदकासाठी ब्रिटनची आशा प्रामुख्याने दोघांवर होती, हॅरॉल्ड अब्राहम्स आणि एरिक लिडेल. वेळापत्रक जाहीर झाले तेव्हा दिसले की १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलै रोजी, रविवारी आहेत. लिडेल यांनी आपण धावणार नाही असे कळवले. चित्रपटात ही बातमी त्यांना फ्रान्सला जाणाऱ्या बोटीवर चढताना कळते आणि मग युवराजांसमोर मोठा प्रसंग घडतो. ते सर्व पडद्यासाठी रचलेले आहे. प्रत्यक्षात त्यांना ही गोष्ट कित्येक महिने आधी ठाऊक होती. म्हणजे त्यांचा नकार हा क्षणाचा आवेश नव्हता. विचार बदलायला त्यांना भरपूर वेळ होता, लोकांनी त्यांचे मन वळवायचा प्रयत्नही केला, वर्तमानपत्रांत टीका झाली, देशाशी बेइमानी केल्याचेही बोलले गेले. ते कोणाशी भांडले नाहीत आणि आपला निर्णयही त्यांनी बदलला नाही. १०० आणि ४०० मीटर मिळून चार जण ज्या रिले शर्यतींत धावतात, त्यांच्याही अंतिम फेऱ्या १३ जुलै रोजी, म्हणजे रविवारीच होत्या. लिडेल त्यांतूनही बाहेर राहिले. ब्रिटनला त्यांपैकी एकीत रौप्य आणि दुसरीत कांस्यपदक मिळाले. म्हणजे लिडेल यांनी एक शर्यत सोडली असे आपण म्हणतो, पण सोडल्या तीन.

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घ्यावी. स्कॉटलंडच्या त्या परंपरेत रविवार हा जुन्या करारातील शब्बाथाप्रमाणे पाळला जाई. केवळ उपासनेचा तास नव्हे, तर सबंध दिवस देवाचा. त्या दिवशी खेळ नाही, प्रवास शक्यतो नाही, करमणूक नाही. दहा आज्ञांची मोजणीही त्यांची आपल्याहून वेगळी. आपली तिसरी आज्ञा ती त्यांची चौथी. कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण वेगळ्या अंगाने जाते. आपल्याकडे रविवार हा प्रथम प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस आहे. म्हणून मिस्सा हे त्याचे हृदय, आणि उपासनेला, त्या दिवसाच्या आनंदाला व मनाच्या आणि शरीराच्या विश्रांतीला बाधा आणणारे काम टाळावे हा नियम. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली प्रभूच्या दिवसाविषयी लिहिलेल्या ‘डिएस डोमिनी’ या पत्रात हे सविस्तर सांगितले आहे. खेळ हा त्या आनंदाचा भाग होऊ शकतो. तेव्हा लिडेल यांच्या जागी एखादा श्रद्धाळू कॅथलिक असता, तर सकाळी मिस्सेला जाऊन दुपारी तो निर्मळ मनाने धावू शकला असता. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण लिडेल यांचा नियम जसाच्या तसा उचलून आपल्या मुलांवर लादावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याने आपल्या सदसद्विवेकाला जे पटले त्यासाठी जगातले सर्वांत मोठे बक्षीस हातचे जाऊ दिले, त्याच्यापुढे आपली सबब काय, हा प्रश्न मिस्सा सोडून नाणेफेकीला धावणाऱ्याला आम्ही विचारू शकतो.

लिडेल हातावर हात ठेवून बसले नाहीत. मॅककर्चर यांच्या मदतीने त्यांनी २०० आणि ४०० मीटरची तयारी सुरू केली. ज्यांना धावण्याचे गणित माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १०० मीटर आणि ४०० मीटर हे दोन निराळे खेळ आहेत. १०० मीटरमध्ये सारा जोर एका दमात ओतायचा असतो. ४०० मीटरमध्ये शेवटच्या शंभरात पाय शिशासारखे जड होतात. म्हणून जाणकार धावपटू आरंभी थोडा जोर राखून ठेवतो. लिडेल यांची त्या वर्षीच्या ब्रिटिश स्पर्धेतील ४४० यार्डांची वेळ ४९.६ सेकंद होती. ती चांगली होती, पण जग जिंकणारी नव्हती.

६ जुलैच्या त्या रविवारी कोलोंब येथील मैदानावर १०० मीटरच्या फेऱ्या चालू असताना लिडेल पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचन देत होते. दुसऱ्या दिवशी अब्राहम्स यांनी १०० मीटरचे सुवर्ण जिंकले. ९ जुलै रोजी २०० मीटरमध्ये लिडेल तिसरे आले. १० आणि ११ जुलै या दोन दिवसांत ४०० मीटरच्या चार फेऱ्या धावायच्या होत्या. स्वित्झर्लंडचे इम्बाख आणि अमेरिकेचे फिच यांनी वाटेतच नवे विक्रम केले होते. अंतिम शर्यतीत लिडेल यांना सर्वांत बाहेरची रांग मिळाली, जिथून प्रतिस्पर्धी दिसत नाहीत आणि आपण पुढे आहोत की मागे हे कळत नाही. त्या दिवशी संघातील मालीश करणाऱ्यांनी त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील, देवाचा सन्मान करणाऱ्यांविषयीच्या वचनाची आठवण तीत होती.

बंदूक वाजली आणि लिडेल ४०० मीटर नव्हे तर जणू १०० मीटरच धावायची आहे असे सुटले. पहिले २०० मीटर त्यांनी २२.२ सेकंदांत कापले. पाहणाऱ्यांना वाटले की हा माणूस आता गळून पडणार. तो पडला नाही. डोके मागे गेले, हात फिरू लागले, आणि ४७.६ सेकंदांत, नव्या विक्रमासह, त्यांनी शर्यत संपवली. फिच ४८.४ सेकंदांत दुसरे आले व ब्रिटनचे गाय बटलर तिसरे. जाता जाता सांगायला हरकत नाही की कोलोंबच्या याच मैदानावर ८ ऑगस्ट २०२४ रोजी, बरोबर शंभर वर्षांनंतरच्या ऑलिंपिकमध्ये, भारताच्या पुरुष हॉकी संघाने कांस्यपदक जिंकले.

शर्यतीनंतर सहा दिवसांनी एडिंबरा येथे पदवीदान झाले. विद्यापीठाने त्यांना प्राचीन ग्रीसच्या पद्धतीने पानांचा मुकुट घातला आणि विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यांवर घेऊन मिरवणूक काढली. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावपटूंच्या ज्या नाशवंत मुकुटाचा दाखला दिला आहे तो हाच. करिंथ शहराच्या शेजारीच त्या काळी इस्थमियन खेळ भरत. पौलाच्या वाचकांना तो दाखला समजावून सांगावा लागत नव्हता.

लिडेल तेव्हा २२ वर्षांचे होते. त्या वयात आणखी दोन ऑलिंपिक त्यांच्या आवाक्यात होती. पण १९२५ च्या उन्हाळ्यात ते चीनला निघून गेले. तिएनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात त्यांनी विज्ञान शिकवले आणि मुलांना खेळ शिकवले. तेथील मिनयुआन क्रीडांगणाच्या बांधणीत त्यांचा सल्ला घेतला गेला. लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाचा नमुना त्यांनी समोर ठेवला होता. शर्यती त्यांनी अगदी सोडल्या नाहीत. १९२९ साली तिएनत्सिनमध्ये जर्मनीचे विख्यात धावपटू ओटो पेल्ट्झर यांच्याशी त्यांची शर्यत झाली आणि ४०० मीटरमध्ये लिडेल जिंकले. हेच पेल्ट्झर उतारवयात भारतात येऊन राहिले आणि दिल्लीत त्यांनी आपल्या मुलांना धावणे शिकवले. १९३२ साली लिडेल यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९३४ साली कॅनडाच्या मिशनरी कुटुंबातील फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली झाल्या.

१९३७ साली जपानचे चीनवर आक्रमण झाले. त्यानंतर लिडेल शहर सोडून सियाओचांग या खेड्यातील मिशन केंद्रात गेले. त्यांचे भाऊ रॉबर्ट तेथे डॉक्टर होते. दुष्काळ, दरोडेखोर आणि दोन सैन्यांच्या कचाट्यात सापडलेली ती खेडी. गावोगाव सायकलने किंवा पायी जाणे, बैठका घेणे, जखमींना दवाखान्यात पोहोचवणे असे काम. एकदा सैनिकांच्या भीतीने गावकरी ज्याला हात लावीनात असा एक जखमी त्यांनी गाडीत घालून दवाखान्यात आणला. वाटेत मानेवर तलवारीचा वार झालेला दुसरा सापडला, त्यालाही घेतले. तो दुसरा वाचला. तो चित्रकार होता, आणि पुढे त्याने लिडेल यांना फुलांचे एक चित्र काढून दिले.

१९४१ साली धोका वाढला तेव्हा गरोदर पत्नीला व दोन मुलींना त्यांनी कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी मॉरीन टोरांटोला जन्मली. तिला त्यांनी कधी पाहिले नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी लिडेल यांना शांतुंग प्रांतातील वेइशिएन येथील छावणीत नेले. एका जुन्या मिशनच्या आवारात भिंतींच्या आत सुमारे १,८०० परदेशी माणसे कोंबलेली होती. व्यापारी, शिक्षक, संगीतकार, व्यसनी, वेश्या, मिशनरी, सारे एकत्र. आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे त्यांत आरंभी सुमारे ४०० कॅथलिक धर्मगुरू, ब्रदर आणि सिस्टर्स होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांतील बहुतेकांना पेकिंगला हलवण्यात आले, पण तोवर छावणीवर त्यांनी आपली छाप पाडली होती. अमेरिकन फादरांचा सॉफ्टबॉलचा संघ सर्वांत भारी होता आणि त्यांचे सामने पाहायला सारी छावणी लोटे. फादर पॅट्रिक स्कॅनलन हे ट्रॅपिस्ट संन्यासी भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या शेतकऱ्यांकडून अंडी विकत घेत, ती मुलांना आणि आजाऱ्यांना मिळत. ते पकडले गेले तेव्हा शिक्षा म्हणून त्यांना एकांत कोठडीत टाकण्यात आले. ज्याने वर्षानुवर्षे मौन पाळले होते त्याला एकांताची शिक्षा झाली म्हणून छावणी पोट धरून हसली. फादर रात्री कोठडीत मोठ्याने लॅटिन प्रार्थना गात, आणि शेवटी पहारेकरीच कंटाळले, असे सांगतात.

छावणीत पुष्कळ मुले होती. चेफू येथील मिशनऱ्यांच्या मुलांची सबंध शाळाच तेथे आणली गेली होती. आईवडिलांपासून दुरावलेली ही मुले म्हणजे लिडेल यांचे स्वतःचेच बालपण होते. ती त्यांना एरिक काका म्हणत. त्यांनी मुलांना विज्ञान शिकवले. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून रसायनशास्त्राच्या उपकरणांची चित्रे हाताने काढून वही तयार केली. बास्केटबॉल, हॉकी, शर्यती यांची व्यवस्था लावली. हॉकीच्या काठ्या मोडल्या की आपल्या चादरी फाडून त्या पट्ट्यांनी व डिंकाने बांधल्या. ज्यांना ते जवळून पाहिलेले आहे त्यांनी लिहून ठेवले आहे की पाणी वाहण्यापासून मुलांची भांडणे सोडवण्यापर्यंत कोणतेच काम त्यांना हलके वाटत नसे. जगज्जेता धावपटू बादल्या वाहताना पाहणे हेच त्या मुलांचे अर्धे धर्मशिक्षण झाले असावे.

रविवारी मात्र खेळ बंद. हा नियम लिडेल यांचा. खेळाचे साहित्य त्या दिवशी निघत नसे. तरुण मुलांना हे जाचक वाटू लागले. भिंतींच्या आत सक्तीने कोंडलेल्या पोरांना रविवारची दुपार किती लांब वाटत असेल, याची कल्पना करता येते. एका रविवारी त्यांनी नियम न जुमानता स्वतःच हॉकीचा सामना लावला. पंच नव्हता. थोड्याच वेळात आरडाओरडा, ढकलाढकली आणि मग सरळ मारामारी झाली.

पुढच्या रविवारी मैदानावर पंच म्हणून लिडेल स्वतः उभे होते.

वर्षभर आधी प्रतिज्ञेतून सुटका मागितली, सभा घेतली, स्पष्टीकरण दिले, असे काही नाही. जगासमोर ज्या नियमासाठी त्यांनी ऑलिंपिक पदकावर पाणी सोडले होते तो नियम त्यांनी भांडणाऱ्या पोरांसाठी शांतपणे बाजूला ठेवला आणि शिटी वाजवली. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना नियमाचा शब्द आणि नियमाचा हेतू या विषयावर तासन्‌तास वाद घालत असू. त्या सर्व वादांपेक्षा हा एक हॉकीचा सामना आम्हांला अधिक शिकवतो. काहींना वाटेल की येथे लिडेल ढिले पडले. आम्हांला तसे वाटत नाही. पॅरिसमध्ये रविवार मोडला असता तर फायदा त्यांचा स्वतःचा होता. वेइशिएनमध्ये रविवार पाळला असता तर समाधान त्यांचे स्वतःचे होते आणि इजा मुलांची. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःचे सोडले. शब्बाथाच्या दिवशी शेतातून जाताना कणसे मोडणाऱ्या शिष्यांवरून परुशी चिडले तेव्हा प्रभूने त्यांना काय उत्तर दिले ते मार्कच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे. ते घरी सर्वांनी मिळून वाचावे.

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीही थोडेसे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात खेळाला चक्क एक प्रश्न दिला आहे. ॲरिस्टॉटलच्या मागून जात ते दाखवतात की योग्य मापाने खेळणे हा सद्गुण आहे आणि मुळीच न खेळणारा, दुसऱ्याच्या खेळातही विरजण घालणारा माणूस दोषी ठरू शकतो. तेथे ते संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगतात. योहान शिष्यांसोबत खेळीमेळीत असलेला पाहून कोणी नाक मुरडले, तेव्हा योहानाने त्यालाच धनुष्य ओढायला लावले आणि ते सतत ताणून ठेवले तर काय होईल असे विचारले. ते मोडेल, हे त्याला स्वतःच कबूल करावे लागले. पण अक्वायनस खेळाला मापही लावतात, आणि मापाचा हाच मुद्दा आमचा आहे. सामन्यांचे आयोजन करणाऱ्या आपल्या तरुणांना आमची विनंती आहे की पहिला सामना मिस्सेनंतर ठेवावा. आणि ज्यांना सामन्यांचा राग येतो त्या ज्येष्ठांनी एखाद्या रविवारी दुपारी मैदानाच्या कडेला येऊन उभे राहावे. पंचांची आपल्याकडे नेहमीच वाण असते.

१९४४ च्या अखेरीस लिडेल यांचे डोके असह्य दुखू लागले. डॉक्टरांना वाटले की अतिश्रमाने आणि काळजीने ते खचले आहेत. मेंदूत गाठ होती हे मरणोत्तर तपासणीत कळले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांनी पत्नीला पत्र लिहिले आणि त्याच दिवशी छावणीच्या दवाखान्यात त्यांचा अंत झाला. सियाओचांगपासून त्यांच्याबरोबर काम केलेल्या नर्स ॲनी ब्युकॅनन नावाच्या नव्हे, तर ॲनी ब्युकन या स्कॉटिश बाई त्यांच्यापाशी होत्या. त्यांचे वय ४३ होते. जपानी अधिकाऱ्यांच्या निवासामागच्या लहानशा बागेत त्यांना पुरले. लाकडी क्रुसावर नाव लिहायला रंग नव्हता, म्हणून बुटांचे पॉलिश वापरले. सहा महिन्यांनी, १७ ऑगस्ट रोजी, अमेरिकन सैनिक छत्र्यांनी उतरले आणि छावणी मुक्त झाली. फ्लॉरेन्स यांना पतीच्या मृत्यूची बातमी मे महिन्यात टोरांटोला मिळाली होती. १९९१ साली एडिंबरा विद्यापीठाने स्कॉटलंडच्या मल बेटावरचा ग्रॅनाइट नेऊन तेथे स्मारक उभारले. त्या गावाला आता वेइफांग म्हणतात.

छावणीतल्या मुलांत स्टीफन मेटकाफ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. लिडेल यांच्या बायबल वर्गात डोंगरावरील प्रवचनाची चर्चा चालली असता शत्रूवर प्रीती करणे हे केवळ ध्येय आहे की करण्यासारखी गोष्ट आहे, असा वाद निघाला. पहारा करणारे जपानी शिपाई खिडकीतून दिसत होते. लिडेल यांनी मुलांना त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले, आणि स्टीफनने ती सुरू केली. त्या हिवाळ्यात त्याचे बूट फाटले होते. मृत्यूपूर्वी सुमारे तीन आठवडे लिडेल यांनी त्याला आपले धावण्याचे बूट आणून दिले. ते झिजलेले होते, जागोजाग शिवलेले होते. पुढे मेटकाफ स्वतः मिशनरी झाले. १९५२ साली ते जपानला गेले आणि जवळजवळ चार दशके त्यांनी तेथेच काम केले.